पट्टा तुटतो, दोष पुलीत असतो

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून आपण भावाचे, कर्जाचे आणि विजेच्या बिलाचे बोलत आहोत. जेवणानंतरचा हा तास आमच्या गावाकडे आला आणि विषय दिला गेला इंजिनाच्या पट्ट्याचा. पत्रिका वाचून दोघातिघांनी विचारलेच, की हे गॅरेजातले काम बैठकीत कशाला आणले? ज्या गाडीने आपण बाजारात जातो, बैठकीला येतो, आजाऱ्याला दवाखान्यात नेतो, ती गाडी दोन हात लांबीच्या रबरी पट्ट्यापायी रस्त्यात उभी राहते. मग तिच्या दुरुस्तीचा पैसा कुठून निघतो? कापसातूनच निघतो. एवढे कारण आम्हाला पुरेसे वाटले.

इथे उभा राहून बोलणारा एक असला तरी जीप सात जणांनी वर्गणी करून घेतलेली आहे. खर्च सात जणांचा झाला, आणि चूकही सात जणांचीच होती. म्हणून जे सांगायचे ते 'आम्ही' म्हणूनच सांगतो.

गोष्ट 2017 सालची. ते साल यवतमाळ जिल्हा विसरणार नाही. कपाशी माणसाच्या उंचीला लागलेली, फवारणीवर फवारणी चाललेली, आणि त्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने या एका जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले. सप्टेंबरच्या अखेरीस आमच्या गावातला एक मजूर भाऊ दुपारी पंप पाठीवर असतानाच खाली बसला. उलट्या सुरू झाल्या, डोळ्यांना दिसेना. त्याला जीपमध्ये घातले आणि राळेगाव मागे टाकून कळंबमार्गे यवतमाळचा रस्ता धरला.

कळंब सात-आठ किलोमीटर राहिले असेल तेव्हा गाडीतला लाल दिवा लागला, बॅटरीचे चित्र असलेला. आमच्यातला जो चालवत होता तो म्हणाला, "बॅटरीचं मागाहून पाहू, डिझेल गाडी आहे, बॅटरीवाचून बंद पडत नाही." म्हणणे अर्धे खरे होते. जुन्या डिझेल इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर चालत राहायला वीज फारशी लागत नाही. पण तो दिवा बॅटरीची नव्हे, पट्टा तुटल्याची खबर देत होता. जो पट्टा अल्टरनेटर फिरवतो तोच पाण्याचा पंप आणि पंखा फिरवतो. पट्टा गेला की पाणी जागच्या जागी उभे राहते आणि इंजिन तापत जाते. काटा वर चढलेला आम्ही पाहिला. पण आजारी माणूस मांडीवर असताना थांबायचे कुणाला सुचते? तीन किलोमीटर पुढे गेलो आणि गाडी वाफ सोडून उभी राहिली.

मागून आलेल्या एका टेम्पोवाल्याने आमच्या माणसाला उचलून नेले. तो वाचला. आज त्याच्या शेळ्या आहेत, फवारणीला मात्र तो जात नाही. पण ती वीस मिनिटे रस्त्याच्या कडेला कशी गेली ते आम्ही विसरू शकत नाही. गाडीत जादा पट्टा नव्हता, 13-14 चा पानासुद्धा नव्हता. त्याहून लाजेची गोष्ट अशी, की त्या मोसमात तुटलेला हा तिसरा पट्टा होता. जूनमध्ये एक गेला, ऑगस्टमध्ये दुसरा. दोन्ही वेळा आम्ही दुकानात गेलो, पट्टा घेतला, चढवला आणि दुकानदाराला शिव्या देत घरी आलो, की माल नकली देतो. पट्टा का तुटतो, हे एकदाही पाहिले नाही.

ते पाहिले कळंबच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने. गाडी ओढत त्याच्या दारी नेली तेव्हा त्याने आधी पट्ट्याला हात लावला नाही. खिशातून सुतळी काढली, एक टोक आमच्या हाती दिले आणि दुसरे स्वतः धरून क्रँकच्या पुलीपासून अल्टरनेटरच्या पुलीपर्यंत ताणले. सुतळी क्रँकच्या पुलीला दोन्ही कडांवर टेकली, पंपाच्या पुलीलाही टेकली, आणि अल्टरनेटरच्या पुलीपाशी पेन्सिल सहज आत जाईल एवढी फट राहिली. मे महिन्यात आम्ही अल्टरनेटर एका गॅरेजात भरून घेतला होता. तिथे तो परत बसवताना ब्रॅकेटच्या मागचा जाड वॉशर घालायचा राहिला. एका वॉशरपायी अल्टरनेटर आत सरकला, पट्टा तिरपा पळू लागला, त्याची एक बाजू घासू लागली, आणि पट्टा महिना-दीड महिन्यात तुटू लागला.

मंडळी, आपल्यात जे साठीच्या पुढचे आहेत त्यांनी मोट पाहिली असेल. मोटेचा नाडा तुटला तर आपले आजे नुसता नवा नाडा आणून ओवत नसत. आधी वर चढून चाक पाहत. चाकाला चर पडला आहे काय, कणा झिजून चाक डुलते आहे काय, नाडा एका बाजूला घासतो आहे काय, हे पाहून मग नाड्याला हात घालत. चांगला नाडा खराब चाकावर किती दिवस टिकणार? आजोबांना जे कळत होते ते जीप घेतल्यावर आम्ही विसरलो.

(मधल्या रांगेतून कुणीतरी म्हणते आहे की कर्जमाफीचेही असेच आहे. 2008 साली दिल्लीने माफी दिली, 2017 साली मुंबईने दिली. पट्टा बदलला आणि भावाची पुली तशीच ठेवली. बरोबर आहे. पण त्यावर सकाळी बोलून झाले. आता पट्ट्यावर राहू द्या.)

पट्टा धरतो कसा

पुलीच्या खाचेत बसणारा जो पट्टा असतो त्याला व्ही पट्टा म्हणतात, कारण आडवा कापला तर त्याचा आकार खाली निमुळता दिसतो. 1917 साली अमेरिकेतल्या डेन्व्हर गावी जॉन गेट्स यांनी मोटारगाडीसाठी असा पट्टा काढला, असे श्रेय त्यांना दिले जाते. त्याआधी सपाट पट्टे होते. आपल्याकडच्या जुन्या जिनात ते पुष्कळांनी पाहिले असतील: वर एक लांब शाफ्ट आणि त्यावरून खाली उतरलेले पट्टे, प्रत्येक पट्टा एकेक रेचा फिरवणारा. तो सपाट पट्टा पुलीच्या पाठीवर नुसता दाबून धरतो. व्ही पट्ट्याचे तसे नाही. तो खाचेच्या दोन्ही भिंतींमध्ये पाचरीसारखा रुततो. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर ठोकली की पाते जसे घट्ट होते, तसा ओढ वाढली की हा पट्टा आणखी रुततो आणि आणखी धरतो.

यातून एक गोष्ट निघते, आणि सगळी दुरुस्ती त्या एका गोष्टीवर आहे. पट्टा भिंतींवर बसला पाहिजे, तळावर नाही. पुली चांगली असेल तेव्हा पट्ट्याची पाठ पुलीच्या काठाशी सारखी असते किंवा केसभर वर असते. पट्टा खाली बुडालेला दिसला की समजावे, एकतर पट्टा झिजून अरुंद झाला, नाहीतर खाच झिजून रुंद झाली. मग पट्टा तळाला टेकतो, पाचर सुटते आणि पट्टा घसरू लागतो. खाचेचा तळ आरशासारखा चकाकत असेल तर दुसरा पुरावा नको.

आता कापसाचे सांगतो, कारण समोर कापूसवाले बसले आहेत. या पट्ट्यात जोर रबराचा नसतो, आतल्या दोराचा असतो. रबर फक्त धरायला आणि वाकायला. पहिल्या काळात हा दोर सुती होता, आपल्या मालाचा. पुढे रेयॉन आले, नंतर पॉलिएस्टर आले. सुती दोर ताणला की लांबतो, ओलीत बदलतो. पॉलिएस्टरचा कमी लांबतो. म्हणून कापूस तिथून उठला. रागवायचे कारण नाही, काम ज्याला चांगले जमते त्याने करावे. पण दोर आत असतो हे लक्षात ठेवा, कारण पुष्कळ पट्टे आपण स्वतःच चढवताना तोडतो. पुली सैल न करता, पेचकस घालून, काठावरून उचकटून पट्टा चढवला की आतले दोन-चार दोर त्याच वेळी तुटतात. वरून काही दिसत नाही. पट्टा आठ दिवसांनी तुटतो आणि शिव्या दुकानदाराला बसतात.

तपासायचे कसे

इंजिन बंद करा, थंड होऊ द्या, आणि चावी काढून आपल्या खिशात ठेवा. दुसऱ्याच्या नव्हे, आपल्या. नव्या गाड्यांत विजेवरचा पंखा असतो, तो इंजिन बंद असतानाही कधी कधी आपोआप फिरतो. अल्टरनेटरपाशी पाना चालवायचा असेल तर बॅटरीची उणे बाजूची तार आधी सोडा. अल्टरनेटरच्या जाड तारेत इंजिन बंद असतानाही वीज असते. पाना तिथे आणि इंजिनाच्या लोखंडाला एकदम लागला तर ठिणगी उडते आणि हात भाजतो.

पट्टा उलटा पिळून बाजू पाहा. बाजू काचेसारखी चकचकीत आणि कडक झाली असेल तर तो घसरून भाजला आहे. आडव्या भेगा असतील तर म्हातारा झाला आहे. तेलाने फुगून मऊ पडला असेल तर पट्टा बदलण्याआधी तेल कुठून गळते ते शोधा. एकाच बाजूचे कापड घासलेले असेल तर पुल्या एका रेषेत नाहीत. या एका खुणेकडे आम्ही तीनदा दुर्लक्ष केले.

ताण पाहायचा तो दोन पुल्यांमधल्या सर्वांत लांब भागात. अंगठ्याने मध्यावर चांगला दाब द्या. गाडीच्या पुस्तिकेत आकडा असेल तर तोच धरा. नसेल तर जीपसारख्या गाडीत पट्टा दहा-बारा मिलिमीटर, म्हणजे साधारण बोटाच्या रुंदीपेक्षा थोडा कमी, दबावा. आणखी एक जुनी परीक्षा आहे: अल्टरनेटरची पुली हाताने फिरवून पाहा. पट्टा जागेवर राहून पुली हातासरशी आत फिरली तर पट्टा सैल आहे.

सैल पट्टा ओरडतो, म्हणून तो कळतो. अतिघट्ट पट्टा ओरडत नाही, आणि तोच जास्त खर्चाचा. बैलाच्या गळ्याखालची सापती सैल असली तर जू वर उडते, पण करकचून बांधली तर बैलाचा श्वास कोंडतो. इथे श्वास कोंडतो पंपाच्या आणि अल्टरनेटरच्या बेअरिंगचा. पट्टा शंभर-दोनशेचा, पंप त्याच्या कितीतरी पट. आपल्याकडे गाडी जरा ओरडली की पट्टा आणखी ताणायचा, ही सवय वाईट आहे.

ओरडण्याचेही दोन प्रकार आहेत. नव्या गाड्यांतल्या अनेक बारीक खाचांच्या पट्ट्यावर एक साधा प्रयोग करता येतो. इंजिन चालू ठेवून, हात आणि गमछा दूर ठेवून, बाटलीतून पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर थोडे पाणी उडवा. आवाज वाढला तर ताण कमी आहे. आवाज क्षणभर थांबून पुन्हा आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. राळ, मेण, साबण असले काही लावू नका. सपाट पट्ट्याला राळ लावायची चाल होती, ती तिथेच ठीक. व्ही पट्ट्याला राळ लावली की दोन दिवस तो गप्प बसतो, मग त्यावर आपल्या काळ्या मातीची धूळ चिकटते आणि तीच धूळ कानशीसारखी पुली घासते.

आता पुली. पट्टा काढल्यावर प्रत्येक पुली हाताने फिरवा. चांगली पुली मुकाट्याने फिरते. आतून वाळू भरडल्यासारखा आवाज आला तर बेअरिंग गेले. पुली दोन्ही हातांनी धरून मागेपुढे हलवा. पंपाची पुली डुलली आणि पंपाच्या खालच्या बारीक भोकातून पाण्याचा ओघळ दिसला, तर पंप लवकरच जाणार. खाचेच्या भिंतीला पोलादी पट्टीची सरळ कड लावून उजेडाकडे धरा. भिंत सरळ असायला हवी. ती पोटाशी खोलगट झाली असेल आणि मधून पाऊण-एक मिलिमीटरची फट दिसत असेल, तर ती पुली नवा पट्टा खाणार. क्रँकच्या पुलीत पुष्कळदा आतला डोम आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये रबराचे वेटोळे असते. ते रबर फुगले, चिरले किंवा कडी एका बाजूला सरकलेली दिसली तर ती पुलीच बदलावी लागते. तिच्यावर हातोडा चालवून ती सरळ होत नाही.

पुष्कळ जण विचारतात, की पुली लेथवर घासून खाच नवी करून घेतली तर? मळणीयंत्राची जाड बिडाची पुली असेल आणि खराद्याकडे कोनाचा नमुना असेल तर होते. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. खाच खोल गेली की पट्टा आत बसतो, म्हणजे पुली तेवढी लहान झाली, आणि तिचा वेगाचा हिशेब बदलला. आणि खाचेचा कोन लहान पुलीला वेगळा असतो, मोठीला वेगळा. पट्टा लहान पुलीवर वाकताना वरून आकसतो आणि खालून फुगतो, म्हणून लहान पुलीची खाच थोडी अधिक अरुंद कोनाची ठेवतात. 34 पासून 38 अंशांपर्यंत हा फरक जातो. खराद्याने सगळ्यांना एकच हत्यार लावले तर पट्टा पुन्हा काठावर नाहीतर तळावर बसणार. गाडीच्या पत्र्याच्या पुल्या तर घासायच्याच नसतात.

चढवायचा कसा

अल्टरनेटरचा खालचा बोल्ट आणि वरच्या पट्टीचा बोल्ट सैल करा, अल्टरनेटर इंजिनाकडे ढकला, आणि पट्टा हाताने काढा. हाताने निघाला पाहिजे. नवा पट्टा जुन्याशेजारी धरून रुंदी पाहा. लांबीत जुना थोडा लांबलेला असेल, ते चालेल. दोन पट्ट्यांची जोडी असेल तर दोन्ही एकाच वेळी आणि एकाच मापाचे बदला. एक नवा आणि एक जुना जुंपला तर सगळा भार नव्यावर येतो. गोऱ्हा आणि म्हातारा बैल एका जुवाला लावल्यावर काय होते, ते तुम्हाला सांगायला नको.

चढवण्याआधी सुतळी लावा. सुतळी दोन पुल्यांच्या तोंडावर चार जागी टेकली पाहिजे. नाही टेकली तर वॉशर घालून किंवा काढून पुली रेषेत आणा, मगच पुढे जा. मग पट्टा बसवा, आणि लाकडी दांड्याने अल्टरनेटर बाहेर रेटा. दांडा टेकवायचा तो अल्टरनेटरच्या पुलीकडच्या जाड अंगावर. मागच्या पातळ टोपणावर टेकवला तर टोपण फुटते. ताण आला की वरचा बोल्ट आवळा, मग खालचा. इंजिन पंधरा-वीस मिनिटे चालवा, बंद करून थंड होऊ द्या आणि ताण पुन्हा पाहा. नवा पट्टा खाचेत बसताना सैल पडतोच. हे दुसऱ्यांदा पाहणे गॅरेजवालाही करत नाही, कारण तोवर आपण पैसे देऊन निघालेले असतो.

नव्या गाड्यांत एकच लांब पट्टा सगळीकडून नागमोडी फिरतो आणि स्प्रिंगची पुली त्याला ताणून धरते. तिथे पट्टा काढण्याआधी त्याची वाट कागदावर काढून घ्या, नाहीतर मोबाइलवर फोटो घ्या. आम्ही एकदा 'ध्यानात राहील' म्हणालो आणि दोन तास कोडे सोडवत बसलो. स्प्रिंगची पुली पान्याने हळूच फिरवावी आणि हळूच सोडावी. प्रत्येक बारीक दात आपापल्या खाचेत बसला आहे हे बोट फिरवून पाहावे. एक दात बाहेर राहिला तर पट्टा तासाभरात उसवतो. हल्लीच्या या पट्ट्यांचे रबर जुन्यासारखे भेगा पाडत नाही, ते नुसते झिजते, म्हणून भेग दिसत नाही तोवर ठीक, हा जुना नियम इथे लावू नका. त्या पट्ट्यावर 6पीके1200 असे काही छापलेले असते. त्यात सहा म्हणजे सहा दात, आणि 1200 म्हणजे लांबी मिलिमीटरमध्ये. हा आकडा घराच्या भिंतीवर लिहून ठेवा. दुकानात गाडीचे नाव सांगून पट्टा मागण्यापेक्षा आकडा सांगून मागितलेला बरा.

टायमिंगचा पट्टा म्हणून जो इंजिनाच्या आत झाकणाखाली असतो, तो वेगळा. त्याला घरी हात लावू नका. पुष्कळ इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. कंपनीने दिलेल्या किलोमीटरला तो जाणत्या मिस्त्रीकडून बदलून घ्यावा.

हेच ज्ञान ज्वारीच्या मळणीला लावा. मळणीयंत्रावर बहुधा बी मापाचा पट्टा असतो, वरून 17 मिलिमीटर रुंद. बी-72 लिहिले असेल तर आतली लांबी 72 इंच. इंजिन 1500 फेऱ्यांचे, त्याची पुली सहा इंची आणि ड्रमची बारा इंची, तर ड्रम 750 फेऱ्या घेतो. पट्टा घसरला की त्या फेऱ्या कमी होतात, कणसात दाणा राहतो, आणि आपण म्हणतो यंदा कणीस ओले आहे. बेअरिंग बदलायचे तर त्यावरचा आकडा वाचा. 6203 असेल तर आतले भोक 17, बाहेरचा व्यास 40, जाडी 12 मिलिमीटर. हेच माप कोणत्याही बनावटीचे बसते, आणि 'कंपनीचेच घ्या' म्हणून तिप्पट भाव सांगणाऱ्याला हात जोडता येतात.

पट्ट्यावरची जाळी मात्र काढू नका. मळणीयंत्राने इतके हात घेतले, की 1983 साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा केंद्राचा कायदाच झाला. कायदा कागदावर आहे, आणि मळणीच्या घाईत जाळी गोठ्यात पडलेली असते. मायबहिणींचा पदर, आपला गमछा, हातातला दोरा, पट्टा कशालाही सोडत नाही. चालत्या पट्ट्यावर पाय देऊन तो चढवणारे बहाद्दर आपल्या प्रत्येक गावात एक-दोन आहेत. त्यांना आज इथून जाताना कुणीतरी सांगा.

हिशेब

आता पैशाचे. तीन पट्टे मिळून आमचे हजाराच्या आत गेले. पण तापलेल्या इंजिनाचे हेड उतरवले, ते वाकले होते म्हणून घासून घेतले, गॅस्केट घातले, पंप नवा बसवला, मजुरी दिली, आणि बिल साडेअकरा हजारांवर गेले. 2017-18 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता 4320 रुपये. म्हणजे अडीच क्विंटलांहून जास्त कापूस एका वॉशरपायी गेला. कोरडवाहू एकराला त्या बोंडअळीच्या वर्षी किती उतारा आला, ते तुम्हीच आठवा. आमच्यातल्या एकाचा तर पुरा एकर गेला असता.

आम्ही त्या गॅरेजवाल्याकडे गेलो होतो. तो म्हणाला, वॉशर आम्ही काढलाच नाही, तुमच्याच गाडीत नव्हता. आमच्याकडे पावती नव्हती, काय काय बदलले याची नोंद नव्हती, म्हणून बोलणे तिथेच संपले. तेव्हापासून आम्ही जीपची एक वही केली आहे. पट्टा कधी घातला, किती किलोमीटरला, कोणत्या आकड्याचा, किती रुपयांचा, पावती चिकटवलेली. काम सुरू होण्याआधी उघडलेल्या भागाचा एक फोटो. जुना सुटा भाग परत मागून घ्यायचा. हीच वही उत्पादन खर्च मांडताना उपयोगी पडली. कापसाचा खर्च लिहायला बसलो की आपण बियाणे, खत, मजुरी लिहितो आणि गाडी, इंजिन, पंप, मळणी यांची दुरुस्ती विसरतो. चार वर्षांच्या वहीतून आम्ही ती बेरीज केली तेव्हा सातही जण गप्प बसले होते. संघटनेने खर्चाचा तक्ता दिला आहे त्यात दुरुस्तीचा रकाना आहे. तो कोरा पाठवू नका, आणि अंदाजानेही भरू नका.

गाडीत आता एक डबा असतो: एक जादा पट्टा, पिशवीत बंद, उन्हापासून दूर; तीन पाने, दांडा, सुतळी, दोन-तीन जाडीचे वॉशर आणि पाच लिटर पाणी. लाल दिवा लागला आणि काटा चढू लागला तर गाडीत कुणीही असो, आम्ही थांबतो. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडत नाही, तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतत नाही. इंजिन थंड व्हायला वेळ लागतो तो लागतोच. बाकीचे काम सरावाने पंधरा मिनिटांचे आहे. आजारी माणूस असेल तर तेवढ्यात एकजण रस्त्यात उभा राहून मागची गाडी अडवतो.

मागच्या टेबलावर आमचे ते तीन तुटके पट्टे, जुनी पंपाची पुली आणि राहून गेलेल्या वॉशरच्या मापाचा एक वॉशर ठेवला आहे. पट्ट्यांची एकच बाजू कशी घासली आहे ती हात लावून पाहा. बाहेर आमची जीप उभी आहे; चहा झाला की तिचा पट्टा उतरवून पुन्हा चढवून दाखवणार आहोत. ज्यांना स्वतः करून पाहायचे आहे त्यांनी पुढे यावे. सुतळी पुरेशी आणली आहे.